हॉलचा अॅडव्हान्स शुक्रवारपर्यंत भरायचाय? आधी माणसं मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लग्न ठरून तीन आठवडे झालेत, साधारण दहा महिन्यांनी करायचंय, तुम्ही दोघं वेगवेगळ्या शहरांत नोकरीला आहात. घरचे म्हणतायत आधी हॉल धरा, बाकीचं मागनं होतं. आणि जो हॉल आवडलाय तिथला मॅनेजर म्हणतोय की शुक्रवारपर्यंत अॅडव्हान्स भरा नाहीतर तारीख जाईल. तर भरू का, आणि नाही भरला तर सुरुवात नेमकी कुठून करू.

मी चौदा वर्षं लग्नांच्या नियोजनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की पहिल्यांदा मी हॉलबद्दल बोलतच नाही. मी विचारते, माणसं किती? आणि दहातली आठ जोडपी एकमेकांकडे बघतात. एक म्हणतो दोनशे, दुसरी म्हणते चारशे, आणि दोघंही अंदाजानेच बोलत असतात. तुमची खरी अडचण हीच आहे. हॉल चांगला की वाईट, तारीख जाईल की राहील हे नंतरचं. किती माणसांसाठी आणि कोणाच्या पैशातून हे करायचंय हे ठरायच्या आधी तुम्हाला सही करायला लावलं जातंय, आणि तुमच्या पोटात जे गोळा आल्यासारखं होतंय ना, ते त्यामुळे.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. तुमच्याकडे हॉल कमी आणि लग्नाचे दिवस ठरावीक असतील तर तारखा खरंच लवकर जातात, मॅनेजर खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पन्नास माणसांत करणार असाल तर यातलं अर्धं तुम्हाला लागूच नाही, एखादी छोटी जागा दोन महिने आधीही मिळते. घरच्यांपैकी कोणाची तब्येत बरी नसेल किंवा कोणी परदेशातून ठरावीक सुट्टीतच येऊ शकणार असेल तर तारीख आपोआप ठरते आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवावं लागतं. पण यातलं काही नसेल तर क्रम एकच. आधी यादी, मग पैसे, मग तारीख आणि जागा एकत्र.

यादीवर मी एवढा जोर का देते तर सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक होऊ दिली होती. एका जोडप्याने अडीचशे माणसांचा हॉल पसंत केला, सुंदर होता, आईवडील खूश होते, मी पण हो म्हणाले. यादी महिनाभराने लिहायला घेतली, ती भरली चारशे दहा. अॅडव्हान्स परत मिळणार नव्हता. पुढचे चार महिने त्या दोन घरांत फक्त नावं कापायचं काम चाललं होतं, मुलीच्या वडिलांचे ऑफिसमधले सगळे गेले, मुलाच्या आईच्या मैत्रिणी गेल्या, आणि प्रत्येक नावामागे कोणीतरी दुखावलं गेलं. लग्न छान झालं, पण ते चार महिने त्या मुलीला अजून आठवतात, मला फोन करते तेव्हा सांगते. तेव्हापासून मी यादीशिवाय कोणालाही हॉल दाखवायला नेत नाही.

यादी करायची कशी ते सांगते, कारण सगळे इथेच चुकतात. आधी आकडा ठरवून नावं बसवायला जाऊ नका. तुम्ही दोघं आणि दोन्हीकडचे आईवडील, अशा चार वेगवेगळ्या याद्या होऊ देत, प्रत्येकाने आठवेल ते नाव लिहायचं, कापाकापी नाही. कुटुंबाचं एक नाव लिहून पुढे "सर्व" असं लिहू नका, त्या "सर्व"मध्ये दोन माणसं असतात की सात ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून माणूस माणूस मोजायचा, मुलंसुद्धा. मग चारही याद्या एका शीटमध्ये आणा, दोनदा आलेली नावं काढा, आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरा. पहिला, हे माणूस नसेल तर आपण तारीख बदलू का. असे लोक फार कमी असतात, वीस पंचवीस, पण तारीख ठरवताना पहिला फोन त्यांनाच करायचा असतो. दुसरा, यायला किती लांबून यावं लागेल, म्हणजे गावातच आहे, काही तासांचा प्रवास आहे, की राहायची सोय करावी लागेल. तिसरा, गेल्या दोन वर्षांत आपलं यांच्याशी बोलणं झालंय का. या तिसऱ्या रकान्याने जेवढी नावं शांतपणे बाजूला होतात तेवढी भांडून होत नाहीत, कारण निर्णय कोणी एकाने घेतलेला नसतो, रकाना रिकामा असतो आणि तो सगळ्यांना दिसतो.

मग तीन आकडे काढा. सगळे आले तर किती, लांबचे निम्मे आले तर किती, आणि फक्त जवळचे आले तर किती. हॉल मधल्या आकड्यावर बघायचा पण पहिला आकडा तिथे कसाबसा तरी मावला पाहिजे. कोणी म्हणेल की बोलावलेल्यातले अमुक टक्के येतात, असा ठोक हिशोब असतो. तो सगळीकडे चालत नाही. सुट्टीच्या दिवशी गावातल्या गावात लग्न असेल तर जवळपास सगळे येतात आणि लांब, मधल्या वारी असेल तर चित्र पार बदलतं, म्हणून टक्केवारीपेक्षा नावावर बोट ठेवून अंदाज करा.

आणि एक अगदी आवर्जून सांगते, यादी पक्की होईपर्यंत तोंडी आमंत्रण कोणालाही देऊ नका. लग्न ठरल्याच्या आनंदात आपण समोर दिसेल त्याला म्हणतो यायचं हं, तुम्ही तर हवेच. ते वाक्य परत घेता येत नाही.

आता हा आकडा हातात घेऊन हॉलकडे बघा, म्हणजे कळेल मी एवढं का सांगत बसलेय. हॉलवाले क्षमता सांगतात ती बऱ्याचदा रांगेत खुर्च्या लावून काढलेली असते. रांगेत बसायला माणशी साधारण ७ चौरस फूट धरतात, गोल टेबलाभोवती जेवायला बसायचं असेल तर साधारण १२. म्हणजे ३०० माणसं रांगेत २१०० चौरस फुटांत बसतात आणि टेबलांवर बसवायची तर ३६०० लागतात. त्यात २४ बाय १६ फुटांचं स्टेज म्हणजे अजून ३८४, झाले जवळजवळ ४०००, आणि यात जेवणाचे काउंटर, साउंडवाल्याची जागा, व्हीलचेअर जाईल एवढी वाट हे काहीच धरलेलं नाही. तेव्हा "पाचशे आरामात बसतात" असं कोणी म्हणालं की विचारा, कसे बसतात, आणि जेवण त्याच जागेत का वेगळ्या. ५ फूट व्यासाच्या गोल टेबलावर ८ माणसं बसतात, ६ फुटी असेल तर १०, टेबलं किती आणि कोणती आहेत विचारलं की खरी क्षमता दोन मिनिटांत निघते.

वेळेचाही हिशोब करा, तो कोणीच करत नाही. ३०० पाहुणे, सरासरी तिघांचं एक कुटुंब धरलं तर १०० गट. प्रत्येक गट स्टेजवर आला, भेटला, फोटो काढला, उतरला, याला ४५ सेकंद धरा. एकूण ७५ मिनिटं, तेही मध्ये एकदाही न थांबता. जेवणाच्या काउंटरवर मी घड्याळ लावून मोजलंय, एका रांगेतून मिनिटाला चारच्या आसपास माणसं पुढे सरकतात. म्हणजे एकच रांग असेल तर ३०० जणांना पुन्हा सव्वा तास, दोन रांगा असतील तर पाऊण तासाच्या आत. आता हॉल तुम्हाला चार तासांसाठी मिळतोय की आठ, याचा अर्थ कळतो. मॅनेजरने तुम्हाला किती तासांचा दर सांगितलाय आणि सजावटवाल्यांना आदल्या रात्री आत सोडणार का सकाळी सातला, हे विचारलंय का तुम्ही? नसेल तर शुक्रवारच्या आधी विचारा.

पैशांचं बोलू. लग्नाला किती खर्च येतो असं सगळे विचारतात, आणि याचं उत्तर कोणीही देऊ शकत नाही कारण तो जेवढा कराल तेवढा येतो. तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं ते वेगळं. आपल्याकडे आज साठलेले किती, पुढच्या दहा महिन्यांत बाजूला पडतील असे किती, आणि लग्नानंतर घराचं डिपॉझिट, सामान, अडीअडचण यासाठी हात लावायचाच नाही असे किती. हे आधी फक्त दोघांत बोला, आकडे लिहून, लाजू नका. बऱ्याच जोडप्यांना एकमेकांचा पगार माहीत असतो पण डोक्यावरचं कर्ज माहीत नसतं, ते याच निमित्ताने बोलून होतं आणि ते फार बरं असतं. लग्नासाठी तीन वर्षांचं कर्ज घ्यायचा विचार असेल तर एवढंच डोळ्यासमोर आणा की ते ३६ हप्ते लग्नानंतरच्या संसारातून जाणार आहेत.

मग घरच्यांशी. प्रत्येकाने आपापल्या आईवडिलांशी बोलायचं, होणाऱ्या सुनेने किंवा जावयाने समोर बसून पैसे विचारणं दोन्ही बाजूंना जड जातं. आणि किती देणार हे विचारताना त्याबरोबर काय अपेक्षा आहे तेही प्रेमाने विचारा. वडील निम्मा खर्च करणार असतील आणि त्यांना त्यांचे शंभर लोक बोलवायचे असतील तर ते चूक नाही, पण तो पैसा त्या शंभर माणसांसकट येतोय हे तुम्हाला आज कळलं पाहिजे. मी बघितलेल्या लग्नांतली निम्मी भांडणं पैशांवरून नसतातच, ही न बोललेली अपेक्षा अचानक समोर येते त्यावरून असतात.

एकूण रक्कम ठरली की पहिल्यांदा त्यातले दहा टक्के बाजूला काढून ठेवा आणि ते आहेतच असं विसरून जा. ते लागतात, प्रत्येक वेळी लागतात. कर, वेळ वाढली तर जादा तासांचे पैसे, कपडे घट्ट सैल करणं, गाड्या, राहायच्या खोल्या, फोटो व्हिडिओ सजावट साउंड मिळून जे पंधरा वीस लोक दिवसभर राबतात त्यांचं जेवण, हे कोणाच्याच पहिल्या अंदाजात नसतं. उरलेल्यातून जागा आणि जेवण मिळून निम्म्याच्या आसपास जातं असा माझा अनुभव आहे. इथे एक गोष्ट समजून घ्या, काही खर्च माणसांवर वाढतात आणि काही वाढत नाहीत. फोटोग्राफर दोनशे माणसांना जेवढे घेतो तेवढेच तीनशेला घेतो. जेवण मात्र थेट डोक्यावर असतं, तीनशेची यादी साडेतीनशे झाली की जेवणाचा खर्च एक षष्ठांशाने वाढला, आणि त्या वाढीव पन्नास जणांसाठी मोठा हॉल घ्यावा लागला तर एकदम पायरी चढल्यासारखा सगळाच खर्च वर जातो. म्हणून खर्च कमी करायचाय असं कोणी म्हणालं की मी फुलं आणि पत्रिका कापायला सांगत नाही, त्यातून फार काही वाचत नाही, मी यादीच परत उघडायला सांगते.

तारखेबद्दल थोडक्यात. एका तारखेवर अडून बसू नका, चालतील अशा तीन तारखा काढा, त्या वीस पंचवीस लोकांना विचारा, आणि तीन तारखा घेऊन हॉलकडे जा. एकच तारीख घेऊन जाणाऱ्याला दर कमी करून मागता येत नाही, तीन असणाऱ्याला येतो. उघड्यावर करणार असाल तर त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळतो आणि पाऊस किंवा कडक ऊन असेल तर दुसरी जागा कुठली, हे लिहून घ्या.

यानंतर कोणाला आधी बुक करायचं, तर माझा सोपा नियम आहे. जो एका दिवशी एकच लग्न करू शकतो त्याला आधी. हॉल, फोटोग्राफर, विधी करणारी व्यक्ती, मेकअप करणारी एखादी ठरावीकच हवी असेल तर ती. हे लोक एकदा गेले की गेले. जो एका दिवसात दहा ऑर्डरी घेतो, म्हणजे फुलं, छपाई, गाड्या, भेटवस्तू, त्यांची आत्ता घाईच नाही, चार महिने आधी बघितलं तरी चालतं. तुम्ही आज यांच्यासाठी रील्स बघत रात्र जागवत असाल तर थांबवा, ती ताकद यादीवर लावा.

अॅडव्हान्स भरताना कागद हवा, मेसेजवर "ओके" पुरत नाही. त्यात तारीख आणि तास, कुठली जागा, जादा तासाचा दर, आवाज किती वाजता बंद करायचा, वीज गेली तर काय, बाहेरचा केटरर चालतो का, कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, शेवटचा आकडा किती दिवस आधी सांगायचा हे असू दे. फोटोग्राफरच्या कागदावर प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव आणि फोटो किती दिवसांत देणार हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रद्द झालं किंवा पुढे ढकललं तर काय. २०२० मध्ये करोनामुळे जगभर लग्नं पुढे ढकलावी लागली तेव्हा ज्यांच्या कागदावर "तारीख बदलता येईल, अॅडव्हान्स त्याच कामात धरला जाईल" अशी एक ओळ होती त्यांचं निभावलं, आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांना समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागलं. मी तेव्हा रोज अशा घरांशी फोनवर बोलत होते, ती एक ओळ मी आता कुठल्याही कागदातून सुटू देत नाही.

कायद्याच्या कागदांचं पण आत्ताच बघून ठेवा, कारण काही ठिकाणी आधी नोटीस द्यावी लागते आणि ती मुदत कोणासाठी थांबत नाही. भारतात विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस वास्तव्य लागतं, इंग्लंडमध्ये २८ दिवसांची नोटीस आहे, ऑस्ट्रेलियात किमान एक महिना आधी. तुमच्यासारखी दोघं वेगवेगळ्या शहरांत असतील तर कोणत्या गावी नोंदणी करायची हे आधीच ठरवावं लागतं. कागदांवर नावांची स्पेलिंग सगळीकडे सारखी आहेत का तेही बघा. आणि लग्नानंतर लगेच परदेशी फिरायला जाणार असाल तर तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने काढा, नाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर.

दोघं लांब राहताय म्हणून एक सुचवते. आठवड्यातून एक दिवस ठरवा, एक तास फोनवर लग्नाचं बोला, आणि बाकी सहा दिवस लग्नाचा विषय काढू नका. सगळ्यांची उत्तरं, पावत्या, आकडे एकाच शीटमध्ये, दोघांनाही दिसेल असं. कामं मात्र वाटून घ्या, "आपण दोघं बघू" असं म्हटलेलं काम कोणीच बघत नाही. हे मी फक्त सोयीसाठी सांगत नाहीये, दहा महिने रोज केटररबद्दलच बोलत राहिलेली जोडपी लग्नाच्या दिवशी किती दमलेली दिसतात ते मी बघितलंय, तुमचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता शुक्रवार. आज रात्री आणि उद्या मिळून चार याद्या होतात, खरंच होतात, मी दोन संध्याकाळींत करून घेतल्यात. आकडा हॉलच्या खऱ्या क्षमतेत बसला, वर सांगितलेले प्रश्न विचारून झाले आणि घरच्यांशी पैशांचं बोलणं झालं तर शुक्रवारी बिनधास्त भरा. नाही झालं तर मॅनेजरला फोन करून सांगा, आम्हाला हॉल आवडलाय, आमच्या या तीन तारखा आहेत, आम्हाला पुढच्या बुधवारपर्यंत तारीख धरून ठेवा, त्यासाठी छोटी रक्कम भरायला तयार आहोत, फक्त ती परत मिळेल किंवा दुसऱ्या तारखेला वळवता येईल असं लेखी द्या. बरेच जण तयार होतात, कारण त्यांनाही पक्कं गिऱ्हाईक हवं असतं. तो अजिबात तयार नाही झाला तर त्याला विचारा की कमीत कमी ताटं किती आणि रद्द केलं तर किती कापणार, आणि ते उत्तर इथे लिहा, मी बघून सांगते भरायचं की सोडायचं.